पाणी येतंय, पण भरत नाही : फ्रंट लोड मशीनच्या एका कोडचा तपास

पुण्यातली चार मजली जुनी सोसायटी, सगळ्यात वरचा मजला, ड्राय बाल्कनीत सात किलोचं फ्रंट लोड मशीन. वय सहा वर्षं, आजवर मोठी दुरुस्ती नाही. एक दिवस कपडे लावल्यावर वीस-पंचवीस मिनिटांनी मशीन थांबलं, बीप वाजू लागली आणि पडद्यावर पाणी न भरल्याचा कोड आला. कंपनीगणिक अक्षरं बदलतात. एलजीवर ‘आयई’ दिसतं, सॅमसंगवर ‘४सी’ किंवा ‘४ई’, बॉशवर ‘ई१७’. तक्रार मात्र एकच : ठरलेल्या वेळात ठरलेल्या पातळीपर्यंत पाणी पोचलं नाही.

कोडचं म्हणणं तेवढंच आहे, हे नीट ध्यानात घ्यायला हवं. नळ बंद आहे, जाळी तुंबली आहे की पाणी आत सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह (इनलेट व्हॉल्व्ह) जळला आहे, यातलं काहीही मशीनला कळत नाही. त्याच्याकडे एक घड्याळ आणि पाण्याची पातळी सांगणारा एक सेन्सर असतो. व्हॉल्व्ह उघडला की घड्याळ सुरू होतं आणि मुदत संपेपर्यंत पातळी आली नाही की कोड येतो. आलेलं पाणी दुसऱ्या वाटेने निघून जात असलं तरी मशीन हाच कोड दाखवणार. या घरात नेमकं तेच चाललं होतं. ते कळायला मात्र तीन आठवडे लागले, कारण सगळ्यांचं लक्ष पाणी येण्याच्या बाजूला होतं.

प्लंबरने नळ उघडून पाहिला आणि निकाल दिला, ‘‘वहिनी, वरच्या मजल्याला प्रेशरच नाही. पंप टाकून घ्या.’’ पंप, फिटिंग आणि मजुरी धरून सात-आठ हजारांचा खर्च. सर्व्हिसवाल्याने इनलेट व्हॉल्व्ह बदलायला सांगितला. दोघांचंही म्हणणं अगदी हवेत नव्हतं. वरच्या मजल्यावर दाब कमी असतो ही वस्तुस्थिती आहे. टाकीचा तळ नळाच्या साधारण साडेतीन मीटर वर होता. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जवळपास एक बार भरतो, म्हणजे इथे मिळणारा दाब ०.३५ बार, टाकी भरलेली असेल तर थोडा जास्त, पाइपातल्या वळणांनी थोडा कमी. फ्रंट लोडच्या पुस्तिकांत किमान दाब काही ठिकाणी ०.३ बार, काही ठिकाणी ०.५, तर काही ठिकाणी १ बार दिलेला असतो. म्हणजे हे घर काठावर होतं.

शिवाय घरच्यांनी एक निरीक्षण सांगितलं होतं, त्यामुळे दाबाचा संशय आणखी पक्का झाला. सकाळी लावलं की कोड येतो, रात्री लावलं की मशीन सुरळीत चालतं. सकाळी सगळी बिल्डिंग पाणी वापरते, टाकी उतरते, दाब पडतो. पटण्यासारखंच आहे. पण मोजून कुणी पाहिलं नव्हतं.

बादली आणि घड्याळ

पाण्याचा वेग मोजायला दाबमापक लागत नाही. बादलीत लिटरच्या बाटलीने दहा वेळा पाणी ओतायचं आणि बाहेरून मार्करने खूण करायची. बादलीवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये, तो बहुधा काठोकाठचा असतो. मग मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तीन ठिकाणी मोजायचं : थेट नळाला, इनलेट पाइपच्या मशीनकडच्या टोकाला आणि शेवटी मशीनच्या आत.

नळाला सकाळी साडेसातला १० लिटर भरायला ५८ सेकंद लागले, रात्री दहाला ५१. म्हणजे मिनिटाला सुमारे साडेदहा लिटर आणि पावणेबारा लिटर. एवढ्याशा फरकाने एका वेळी मशीन चालावं आणि दुसऱ्या वेळी अडावं, हे पटणारं नव्हतं. दाबाची गोष्ट इथेच डळमळली.

इनलेट पाइप मशीनकडून सोडवून त्याचं टोक बादलीत धरलं, तर तेच १० लिटर यायला १ मिनिट ५० सेकंद लागले. नळ देतो साडेदहा, पाइपातून पोचतात साडेपाच. पाच लिटर वाटेत अडत होते. कारणं दोन निघाली. मशीन भिंतीला इतकं टेकवलेलं होतं की पाइप मागे चेपला होता आणि नळाकडच्या वॉशरमधल्या जाळीत बारीक वाळू व पांढरा क्षार साचला होता. उन्हाळ्यात टँकर आणि बोअरचं पाणी घेणाऱ्या सोसायट्यांत हे नेहमीचंच आहे.

जाळी काढण्याची रीत अशी. आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण ड्राय बाल्कनीत जमीन ओली असते. मग नळ बंद करायचा, खाली तसराळं ठेवायचं आणि पाइपची प्लास्टिकची चकती हाताने सोडवायची. पाइपात अडकलेलं पेलाभर पाणी सांडतंच. व्हॉल्व्हच्या तोंडाशी दुसरी जाळी असते, तिच्या मध्यावर एक छोटी दांडी असते. ती लांब नाकाच्या पक्कडीने धरून सरळ बाहेर ओढायची, पिळायची नाही. जुनं प्लास्टिक पिळलं की तुटतं आणि तुकडा व्हॉल्व्हमध्ये जातो. मग टूथब्रशने घासायचं. क्षार चिकटलेला असेल तर पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास भिजवायचं. जाळी फाटली असेल तर नवी घालायची. ‘जाळीशिवायही चालतं’ म्हणून तसंच जोडलं, तर वाळूचा एखादा कण व्हॉल्व्हच्या रबरी पडद्यात बसतो आणि मग मशीन बंद असतानाही आत पाणी ठिबकत राहतं. परत जोडताना चकती हाताने घट्ट करून वर पाव फेरा, तेवढं बास. इथे टेफ्लॉन टेपचं काम नाही, सील रबरी वॉशरने होतं.

जाळ्या साफ झाल्या. मशीन भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, पाइप सरळ केला. आता १० लिटरला १ मिनिट ८ सेकंद, म्हणजे मिनिटाला जवळपास पावणेनऊ लिटर. घरच्यांना वाटलं, सुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉटनच्या प्रोग्रॅमवर तोच कोड पुन्हा आला.

व्हॉल्व्ह आणि सेन्सर

व्हॉल्व्ह बदलायची घाई करण्याआधी दोन गोष्टी पाहता येतात. पहिली कानाने : भरायला सुरुवात होताच ‘टक्’ आवाज येतो आणि बारीक गुणगुण सुरू राहते. म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तारेच्या गुंडाळीला, कॉइलला, वीज मिळते आहे आणि व्हॉल्व्ह उघडतो आहे. दुसरी मल्टिमीटरने. प्लग काढलेला असताना मागचे दोन स्क्रू सोडवून वरचं झाकण मागे सरकवायचं, व्हॉल्व्हच्या तारांचा मोबाइलवर फोटो घ्यायचा, मग तारा काढून कॉइलच्या दोन पात्यांमध्ये रोध मोजायचा. २३० व्होल्टच्या अशा कॉइलचा रोध साधारण साडेतीन ते पाच किलोओहमच्या आसपास येतो. मीटरवर काहीच आलं नाही तर कॉइल तुटली आहे. व्हॉल्व्हला दोन-तीन कॉइल असतील तर त्या आपसात ताडून पाहणं हा त्याहून भरवशाचा मार्ग, कारण त्या सहसा एकत्र बिघडत नाहीत. इथे एक ४.१ आणि दुसरी ४.२ किलोओहम निघाली. व्हॉल्व्ह निर्दोष. (मशीन वॉरंटीत असेल तर झाकण उघडू नये, ऐकण्यावरच भागवावं.)

पातळीचा सेन्सर वरच्या बाजूला असतो आणि ड्रमच्या तळाशी असलेल्या हवेच्या छोट्या कप्प्याशी एका बारीक रबरी नळीने जोडलेला असतो. पाणी चढलं की कप्प्यातली हवा दाबली जाते आणि त्या दाबावरून मशीन पातळी ओळखतं. साबणाच्या चिकट थराने कप्पा तुंबला किंवा नळीला चीर गेली, तर पाणी असूनही मशीनला ते ‘दिसत’ नाही. पण मग दाराच्या काचेतून पाणी चांगलं वर आलेलं दिसायला हवं आणि तरीही भरणं चालू राहायला हवं. इथे उलटं होतं. काचेच्या खालच्या ओठाशी पाणी जेमतेम चमकायचं आणि काही सेकंदांनी गायब व्हायचं. पुन्हा यायचं, पुन्हा जायचं. सेन्सर खरंच सांगत होता : पाणी नाही.

हे वर-खाली होणं आधीही कुणाच्या तरी नजरेस पडलं होतं. ड्रम फिरतो म्हणून पाणी हलतं, असा सगळ्यांचा समज झाला होता.

आलेलं पाणी गेलं कुठे?

या प्रकरणाची किल्ली एका साध्या हिशोबात होती. साबणाचा कप्पा अर्धा बाहेर काढून पाहिलं तर पाण्याची धार अखंड चालू होती. व्हॉल्व्हमधल्या अडथळ्यामुळे मिनिटाला चारच लिटर आत जातात असं धरलं, तरी दहा मिनिटांत ४० लिटर झाले. एवढं पाणी आत असतं तर काच निम्मी झाकली असती. कपडे पाणी पितात हे खरं, पण पाच किलो सुती कपडे फार तर दहा-बारा लिटर शोषतील. खाली जमीन कोरडी, म्हणजे गळती नाही. पाणी आत जातंय, आत राहत नाही आणि जमिनीवरही नाही. मग उरते एकच वाट, ड्रेन पाइप.

नहाणी ट्रॅपच्या जाळीतून पाइपचं टोक बाहेर काढून तसराळ्यात ठेवलं आणि कॉटनचा प्रोग्रॅम लावला. सुरुवातीचे काही सेकंद पंप फिरतो आणि आत उरलेलं थोडं पाणी बाहेर टाकतो. ते येणारच, त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. त्यानंतर टोक कोरडं राहायला हवं. तीन-चार मिनिटं ते राहिलंही. मग आधी थेंब, मग बारीक धार आणि अचानक भरभरून पाणी. आणि पंप तर बंद! धार थांबली, पुन्हा दोनेक मिनिटांनी सुरू झाली. काचेतलं पाणी दिसेनासं होण्याची आणि तसराळ्यात धार पडण्याची वेळ अगदी एक.

फ्रंट लोडचा ड्रेन पंप म्हणजे झडप नव्हे. तो फिरत नसतो तेव्हा त्याच्या पात्यांमधून पाणी आरपार जाऊ शकतं. पाणी आत धरून ठेवतो तो पाइपचा चढ. पंपापासून निघालेला पाइप मशीनच्या पाठीवर उंच नेऊन क्लिपमध्ये अडकवतात आणि तिथून बाहेर काढतात. धुण्याच्या पातळीपेक्षा पाइपचा सर्वांत वरचा बिंदू बराच वर राहिला, तर पाणी आपोआप बाहेर जात नाही. बहुतेक पुस्तिकांत पाइपचं टोक जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटिमीटर उंच ठेवायला सांगतात ते यासाठीच.

आता मागचा इतिहास विचारला. कोड येण्याच्या दोनेक आठवडे आधी ड्राय बाल्कनीत वॉटरप्रूफिंगचं काम झालं होतं. लाद्या उखडल्या, मशीन चार दिवस हॉलमध्ये होतं. काम संपल्यावर गवंड्यांनीच ते उचलून जागेवर ठेवलं. त्या उचलाउचलीत ड्रेन पाइप पाठीवरच्या क्लिपमधून सुटला. भिंतीवरचा जुना हूक प्लॅस्टरखाली गेला होता, म्हणून पाइप सरळ खाली ट्रॅपमध्ये खुपसला आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. वाटेत तो भिंतीलगतच्या आडव्या पीव्हीसी पाइपवरून गेला होता, जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच. आता सर्वांत उंच बिंदू तोच. ड्रममधली पातळी त्याच्यावर गेली की पाणी ओसंडायला लागायचं, पाइप भरून वाहू लागला की सायफन तयार व्हायचा, म्हणजे उंचवट्यावरून जाणारी अखंड धार मागचं पाणी आपोआप ओढून न्यायची, आणि पातळी खाली खेचली जायची. हवा शिरली की सायफन तुटायचा, मशीन पुन्हा भरायला लागायचं. पंचवीस मिनिटं हा खेळ चालून मग कोड. चार लिटरच्या हिशोबाने दर वेळी शंभरेक लिटर पाणी, साबणासकट, गटारात. या मापाच्या मशीनला एका अख्ख्या धुण्याला साधारण ५०-६० लिटर पुरतात.

सकाळ-रात्रीचं कोडंही इथेच सुटलं. खालच्या मजल्यावर लहान बाळ, म्हणून रात्री फक्त अर्ध्या तासाचा क्विक प्रोग्रॅम, तोही चार-पाच कपड्यांसाठी. त्याला पाण्याची पातळी कमी लागते, ती त्या फूटभर उंचवट्याच्या खालीच राहायची. सकाळी कॉटन आणि भरलेला ड्रम. फरक दाबाचा नव्हता, प्रोग्रॅमचा होता. ‘कधी येतो’ याबरोबर ‘कोणत्या प्रोग्रॅमवर येतो’ हेही विचारलं असतं, तर पहिल्याच दिवशी वाट बदलली असती.

मागे वळून पाहिलं तर आणखी एक खूण होती. सकाळचं एखादं धुणं कोड न येता पूर्ण झालं, त्या वेळीही सदऱ्यांच्या कॉलरी मळकट राहत होत्या आणि फेस जवळपास होत नव्हता. साबणाचा ब्रँड बदलून पाहिला गेला. खरं तर पहिल्याच सायफनमध्ये साबण वाहून जात होता.

दुरुस्ती

पाइप परत पाठीवरच्या क्लिपमध्ये बसवला. भिंतीवर दीड इंची पीव्हीसी पाइपचा उभा तुकडा दोन क्लॅम्पवर लावला. वरचं तोंड जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर, खालचं टोक एल्बोने नहाणी ट्रॅपकडे. ड्रेन पाइपला मशीनसोबत आलेला प्लास्टिकचा बाक (पाइपला उलट्या ‘यू’सारखं वळण देणारा तुकडा) घालून तो या उभ्या पाइपात १० ते १५ सेंटिमीटर सोडला. त्याहून खोल खुपसायचा नाही आणि तोंड टेपने बंद करायचं नाही. दोन पाइपांमध्ये हवेला जागा राहिली नाही तर इथेही सायफन तयार होतो, वर ट्रॅपमधलं घाण पाणी मशीनकडे ओढलं जाण्याचा धोका. वास येतो म्हणून लोक नेमकं इथेच सील करतात. वासाचा बंदोबस्त ट्रॅपमध्ये पाणी उभं ठेवून करायचा, पाइपाचं तोंड दाबून नव्हे. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल, तर बाक नळाच्या उभ्या पाइपला दोन केबल टायने बांधला तरी उंची मिळते. टाय मात्र इतका आवळू नये की पाइप चेपेल. सामान चारशे रुपयांच्या आत आलं.

मग तीच चाचणी पुन्हा. कॉटनचा प्रोग्रॅम, पाच किलो कपडे. भरताना ड्रेनचं टोक कोरडं, काचेच्या ओठावर पाणी स्थिर, सातव्या मिनिटाला भरणं थांबलं आणि नेहमीसारखा ड्रम फिरू लागला. सकाळी साडेसातलाच, त्याच ‘कमी’ दाबावर. पंपाची गरज उरली नाही. इनलेट पाइपच्या टोकाला मिनिटाला चार लिटरसुद्धा येत नसते आणि जाळ्या साफ असत्या, तर पंपाचा किंवा टाकीपासून वेगळी पाऊण इंची लाइन आणण्याचा विचार रास्त ठरला असता.

हा उपाय कुठे लागू नाही

अनेक टॉप लोड मशीनमध्ये ड्रेन पंप नसतो. खाली एक झडप असते, ती मोटरने उघडते आणि पाणी उताराने निघून जातं. त्यांचा पाइप जमिनीलगतच हवा. तो उचलून ७५ सेंटिमीटरवर टांगला तर पाणी बाहेर पडणारच नाही आणि या कोडऐवजी पाणी न सोडल्याचा कोड येईल. ओळखायची खूण : पाणी सोडताना पंपाची घरघर ऐकू येत असेल तर पंपाचं मशीन, नुसताच ‘कट्’ आवाज होऊन पाणी वाहू लागलं तर झडपेचं. झडपेच्या मशीनमध्ये भरताना ड्रेनच्या टोकाशी पाणी दिसलं, तर झडपेत काहीतरी अडकलेलं असतं. बटण, नाणं, ब्रेसियरची तार किंवा दोऱ्यांचा गुंता. ते काढायला मशीन रिकामं करून खालून उघडावं लागतं. सवय नसेल तर ते काम मेकॅनिककडे द्यावं.

ज्या मशीनला गरम आणि गार असे दोन इनलेट आहेत आणि गरम बाजूचा नळ बंद आहे किंवा जोडलेलाच नाही, तिथे फक्त गरम प्रोग्रॅमवर हा कोड येऊ शकतो. तेव्हा आधी प्रोग्रॅम गार पाण्यावर ठेवून पाहावा.

फ्रंट लोडचा पाइप उंच करतानाही मीटरच्या वर जाऊ नये. पंपाला तेवढं पाणी वर फेकणं जड जातं, पाइपात उरलेलं पाणी परत खाली येतं आणि पिळण्याच्या वेळी मशीन अडतं. पुढच्या बाजूला खाली असलेला पंपाचा फिल्टरही त्याच दिवशी उघडून घ्यावा. शेजारची छोटी नळी आधी ताटलीत रिकामी करायची आणि मग झाकण हळूहळू फिरवायचं. या घरात तिथे दोन हेअरपिना आणि पन्नास पैशांचं नाणं मिळालं, पण त्यांचा या कोडशी संबंध नव्हता.